घरच्या घरी भाजी कशी तपासायची? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

भाजीवर कीटकनाशक आहे की नाही, हे घरी कळतं का?

नाही कळत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण व्हॉट्सॲपवर फिरणारे बरेच व्हिडिओ नेमका हाच दावा करतात. कीटकनाशकाचा अंश किलोमागे मिलिग्रॅममध्ये, बऱ्याचदा मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागात मोजतात. एवढ्याशा अंशाला रंग नसतो, चव नसते, आणि बहुतेक वेळा वासही नसतो. प्रयोगशाळेत तो शोधायला क्रोमॅटोग्राफीची महागडी यंत्रं लागतात. पाण्यात लिंबू पिळून किंवा हळद टाकून 'औषध वर आलं' असं कोणी दाखवलं, तर वर आलेली बहुतेक धूळ असते.

घरी कळतं ते वेगळं. वरून लावलेला रंग, चढवलेलं मेण, चोळलेलं तेल, फासलेली माती, आणि भाजी शेतातून निघून साधारण किती दिवस झाले. खालच्या तपासण्या एवढ्याच गोष्टींच्या आहेत. कीटकनाशकासाठी तपासणीपेक्षा धुणं, सोलणं आणि विचारून घेणं जास्त कामाचं आहे.

ऑनलाइन मिळणाऱ्या तपासणीच्या कागदी पट्ट्या तरी चालतात का?

थोड्याफार. यातल्या बहुतेक पट्ट्या एका विकरावर, म्हणजे एन्झाइमवर चालतात. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन गटांतली औषधं त्या विकराचं काम थांबवतात, म्हणून पट्टीचा रंग बदलत नाही. पण हल्ली भाज्यांवर पायरेथ्रॉइड आणि निओनिकोटिनॉइड गटातली औषधंही भरपूर मारतात. ती या पट्टीला दिसतच नाहीत. त्यामुळे पट्टीने 'ठीक आहे' म्हटलं, तरी भाजी न धुता खाण्याची सोय झाली असं समजू नका. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी घ्यायची असेल तर खुशाल घ्या.

हिरवी मिरची, कारली, परवल फारच हिरवीगार दिसतात. रंगवलेली आहेत का, कसं बघायचं?

ही तपासणी मात्र खरोखर उपयोगी आहे, आणि अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही, म्हणजे एफएसएसएआयने, ती लोकांसाठी सांगितली आहे. मेडिकलच्या दुकानातून लिक्विड पॅराफिनची छोटी बाटली आणा. कापसाचा बोळा त्यात भिजवा आणि न धुतलेल्या मिरचीच्या किंवा कारल्याच्या सालीवर थोडा वेळ चोळा. कापूस पांढराच राहिला तर वरून रंग नाही. हिरवा झाला तर मॅलाकाइट ग्रीनचा संशय घ्यायला जागा आहे. हा कपडे आणि कागद रंगवायचा रंग, खाण्याच्या पदार्थात त्याला परवानगी नाही.

यामागचं कारण साधं आहे. भाजीचं स्वतःचं हरितद्रव्य पेशींच्या आत असतं, साल धड असेल तर ते कापसाला लागत नाही. वरून लावलेला रंग सालीवर बसलेला असतो, तो पॅराफिनमध्ये उतरतो. म्हणूनच चोळताना नखाने ओरखडायचं नाही आणि फाटलेली, सडलेली मिरची घ्यायची नाही. पेशी फुटल्या की चांगली मिरचीसुद्धा कापूस हिरवट करते, आणि बिचाऱ्या भाजीवाल्याशी विनाकारण भांडण होतं.

परवलाची तपासणी एकावर थांबवू नका. ढिगातले दोन-तीन नग वेगवेगळ्या जागचे उचला. रंग लावलेलाच असेल तर टोकाशी, देठाशी आणि रेषांच्या खाचेत तो जास्त साचलेला दिसतो.

हिवाळ्यात सोललेले वटाणे घ्यावेत का?

शेंगा घ्या आणि घरी सोला. नागपुरात थंडीत जबलपूरकडचा वटाणा भरपूर येतो, तेव्हा सोललेला घेण्याची गरज फारशी पडत नाही. घाई असेल आणि पिशवीतला सोललेला घेतलाच, तर काचेच्या ग्लासात मूठभर दाणे टाका, वर पाणी घाला, ढवळा आणि अर्धा तास ठेवून द्या. पाणी हिरवं झालं तर रंग आहे. दुसरी खूण दाण्याचीच आहे. सुका वटाणा भिजवून रंगवला असेल तर दाणा बोटात दाबल्यावर पिठूळ लागतो, गोडी नसते, आणि सगळे दाणे एकाच छटेचे दिसतात. ताज्या शेंगेतल्या दाण्यांत छोटे-मोठे, फिके-गडद असे सगळे असतात.

बीट, लाल चवळाई धुतली की पाणी लाल होतं. तोही रंग लावलेला असतो का?

नाही, तो त्यांचा स्वतःचा रंग. बीट आणि लाल पालेभाजीतलं रंगद्रव्य पाण्यात विरघळतं, देठ कापला की लगेच सुटतं. जांभळ्या पानकोबीचं पाणी तर खायचा सोडा टाकला की निळं-हिरवं होतं, आणि ओल्या हळदीला साबण लागला की लाल डाग पडतो. यातलं काहीच भेसळीचं लक्षण नाही. तसाच पानकोबीच्या पानांवरचा आणि पिकलेल्या कोहळ्यावरचा पांढुरका थर. तो झाडाचा नैसर्गिक मेणचट थर आहे, बोटाने पुसला जातो. पुष्कळ घरांत 'पावडर मारली आहे' म्हणून तो घासून घासून काढतात.

उलट देठाच्या खळग्यात किंवा पानाच्या घडीत वाळलेले पांढरे वा निळसर ठिपके दिसले, तर ते फवारणीचे असू शकतात. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण संत्र्याच्या बागांत सगळीकडे वापरतात, त्याचे डाग असेच निळसर असतात. ते धुऊन जातात.

रताळ्यांचं काय? महाशिवरात्रीला फार लालभडक येतात.

कापूस पाण्यात किंवा खायच्या तेलात भिजवून सालीवर चोळा. गुलाबी-जांभळा डाग उठला तर ऱ्होडामाइन बी या रंगाचा संशय. रताळ्याच्या सालीचा मूळ लाल रंग असा कापसावर उतरत नाही. तपासण्याआधी माती झटकून घ्या, नाहीतर मातीचाच डाग पडेल.

चमकणारी वांगी घ्यावीत की मळकी?

चमकणारी. वांग्याच्या बाबतीत लोक उगाच चमकेला घाबरतात. कोवळं वांगं मुळातच तुकतुकीत असतं. जून झालं, आत बी भरलं, की ते निस्तेज आणि पिवळट होतं. तेल चोळलेलं असेल तर कोरड्या पांढऱ्या कपड्याने पुसून बघा, कपडा तेलकट होईल. खरी परीक्षा देठाच्या टोपीची आहे. टोपी हिरवी, टोचरी आणि सालीला घट्ट चिकटलेली असेल तर वांगं ताजं. टोपी सुकून तपकिरी झाली असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर खड्डा तसाच राहत असेल, तर ते दोन-चार दिवस फिरून आलेलं आहे.

भरिताचं मोठं वांगं घेताना हातात तोलून बघा. आकाराच्या मानाने हलकं असेल ते घ्या, जड वांग्यात बिया जास्त निघतात.

बाकीच्या भाज्यांचा ताजेपणा झटकन कसा ओळखायचा?

भेंडीचं टोक मोडायचं, हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्या भाजीवाल्यांना त्याचा राग येतो. एक-दोनच मोडा. बरबटी, म्हणजे चवळीच्या शेंगा, आणि गवार वाकवली की कट्‌कन तुटली पाहिजे. दोन टोकं जुळेपर्यंत वाकली तर शिळी. ढेमसं घेताना त्याच्यावरची लव बघा. कोवळ्या ढेमशावर बारीक लव असते, हाताळून जुनं झालं की ती जाते. लवकीला, म्हणजे दुधी भोपळ्याला, नख लावून बघतात, पण त्यापेक्षा देठ बघा. देठ हिरवा आणि ओलसर हवा. फुलकोबीचा गड्डा पांढराच हवा असं नाही, किंचित पिवळसर गड्डा फक्त उन्हाने तसा होतो. काळे ठिपके आणि चिकटपणा मात्र नको. पानकोबी जड घ्या.

सांबार, म्हणजे कोथिंबीर, हातावर चुरडून वास घ्या. पाणी मारून टवटवीत केलेल्या जुडीला दिसणं असतं, वास नसतो. जुडीच्या मध्यभागी बोट घालून बघा, आत गरम आणि ओलं लागलं तर संध्याकाळपर्यंत काळी पडेल.

नवे आलू म्हणून जुनेच देतात का?

देतात. कोल्ड स्टोरेजमधला जुना आलू धुऊन त्याला पिवळी किंवा तांबूस माती लावायची आणि नव्याच्या भावात विकायचा, ही जुनी युक्ती आहे. अंगठ्याने साल घासा. नव्या आलूची साल पातळ, कागदासारखी सुटून येते. जुन्याची साल घट्ट, नुसती माती निघते. कळमन्याच्या ठोक बाजारातून चुंगडी, म्हणजे पोतं, घेणार असाल तर वरचे चार नग बघून भागत नाही, मधले काढायला सांगा.

हिरवे पडलेले आलू हा वेगळा विषय आहे. हिरवा रंग उजेडामुळे येतो आणि त्यासोबत सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं. शिजवून ते जात नाही. थोडासा हिरवा भाग असेल तर जाडसर कापून टाका. अर्धा आलू हिरवा असेल किंवा कडू लागला, तर फेका.

आलंही असंच बघून घ्या. फार स्वच्छ, चकचकीत आणि नखाने अगदी सहज साल निघणारं आलं ॲसिडच्या पाण्यात धुतलेलं असू शकतं. मातकट आलं घ्या, धुवायला पाच मिनिटं जास्त लागतील एवढंच.

लवकीला इंजेक्शन देऊन रातोरात वाढवतात, हे खरं का? टोचल्याचे डाग दिसतात.

ते डाग बहुतेक फळमाशीचे असतात. ही माशी काकडी, लवकी, कारलं, दोडका यांच्या कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. टोचलेल्या जागी डिंकासारखा थेंब येतो, फळ तिथे आकसतं, आणि कापलं की आत अळ्या निघतात. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) इंजेक्शनची चर्चा अनेक वर्षं चालू आहे. ते दिलं होतं का, हे घरी कोणत्याच युक्तीने कळत नाही. म्हणून त्यावर रात्रीची झोप घालवू नका.

लवकीत खरी भीती कडूपणाची आहे, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. कडू लवकीत कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं असतात. त्यांनी उलट्या, रक्ताचे जुलाब, रक्तदाब एकदम उतरणं असं होऊ शकतं. कडू लवकीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. चिरण्याआधी एक बारीक तुकडा जिभेवर ठेवा. कडू लागला तर थुंका आणि सगळी लवकी टाका. शिजवून, साखर घालून किंवा दुसऱ्या रसात मिसळून विष कमी होत नाही. सकाळी उठून रस पिणाऱ्या काकांना हे घरच्यांनी दोनदा सांगावं. 'कडू आहे म्हणजे औषधी आहे' असं मानून घोट घेणारे बरेच आहेत.

कोणत्या भाज्यांवर औषध जास्त असण्याची शक्यता असते?

याचं उत्तर शेतात आहे. प्रत्येक औषधाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते लिहिलेलं असतं. पानकोबी, फुलकोबी एकदाच कापायची असते, तिथे शेतकरी थांबू शकतो. पण भेंडी एक-दोन दिवसांआड तोडावी लागते, नाहीतर ती जून होते. वांगी, मिरची, काकडी, बरबटी यांचे तोडेही सारखे चालू असतात. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वांग्यात एकदा शिरली की तिच्यापर्यंत औषध पोहोचत नाही, म्हणून शेतकरी ती शिरण्याआधीच पुन्हा पुन्हा फवारतो. आज फवारणी, परवा तोडा, तेरवा कॉटन मार्केट, असं होतं ते यामुळे. त्यात लबाडीपेक्षा भाव आणि किडीचा धाक जास्त आहे.

या फवारणीचा पहिला फटका फवारणाऱ्यालाच बसतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. नागपूरपासून ते फार लांब नाही. मोनोक्रोटोफॉस हे त्या वेळी चर्चेत आलेलं औषध भाज्यांवर मारायला त्याआधीपासूनच बंदी होती.

पावसाळ्यात आणि ढगाळ हवेत कीड-रोग वाढतात, म्हणून फवारण्याही वाढतात. जमिनीखालच्या भाज्या, कोहळं, वटाण्याचे आतले दाणे, सालीआड राहणाऱ्या अशा गोष्टींवर वरचा फवारा कमी पोहोचतो. पावसाळ्यातल्या रानभाज्या, म्हणजे तरोटा, कटुले, कुड्याची फुलं, यांवर सहसा कोणी फवारत नाही. फक्त त्या शेताच्या बांधावरून आणल्या आहेत की जंगलातून, एवढं विचारा. बांधावरच्या तरोट्यावर शेजारच्या शेतातलं तणनाशक उडालेलं असू शकतं.

पानं किडीने खाल्लेली असली तर भाजी बिनऔषधाची, बरोबर ना?

असं धरून चालू नका. कीड दिसली म्हणूनच फवारणी होते. पानाला भोक आधी पडतं, औषध नंतर. भोक काही बुजत नाही.

मग धुवायचं कसं? मीठ, सोडा, व्हिनेगर, लाल औषध, काय वापरू?

सगळ्यात आधी वाहतं पाणी आणि हात. नळाखाली अर्धा-एक मिनिट चोळून धुतल्याने धूळ, जंतू आणि वर बसलेल्या औषधाचा चांगला भाग जातो. नुसतं पातेल्यात बुडवून काढण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

त्यापुढे जायचं असेल तर खायचा सोडा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर प्रयोग झाला. एक टक्का सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर दोन औषधं सालीच्या पृष्ठभागावरून निघून गेली. पण दोन्ही औषधांचा काही अंश सालीच्या आतही मुरलेला होता, तो सोड्याने निघाला नाही. आपल्यासाठी याचा हिशोब असा: एक लिटर पाण्याला दोन सपाट चहाचे चमचे सोडा, पाव तास, मग पुन्हा साध्या पाण्याने धुणं. मिठाचं पाणी करायचं तर लिटरला एक मोठा चमचा. फुलकोबीसाठी मीठ उत्तम, कारण तुऱ्यांत लपलेल्या अळ्या बाहेर येतात. व्हिनेगर काही औषधांवर चालतं, काहींवर नाही, आणि पडतं महाग. लाल औषधाचं, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचं, प्रमाण घरी नीट जमत नाही, ते सोडून द्या.

साबण किंवा भांड्यांचं लिक्विड वापरू नका. ते सालीच्या छिद्रांत आणि पानांच्या घड्यांत राहतं.

क्रम लक्षात ठेवा: आधी धुवा, मग चिरा. चिरून भिजत घातलेल्या भाजीतलं क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं. पानकोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका. काकडी, गाजर यांची साल काढायला हरकत नाही.

आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसातून आत जातात, ती धुऊन निघत नाहीत. शिजवल्याने काहींचा अंश कमी होतो, काहींचा होत नाही.

ओझोनचं भाजी धुण्याचं यंत्र घ्यावं का?

पैसे जास्त झाले असतील तर. जंतू कमी करायला ओझोन चालतो, पण आत मुरलेलं औषध त्यालाही काढता येत नाही. त्याच पैशात वर्षभराचा सोडा येतो आणि उरतो.

नाल्याच्या पाण्यावरच्या पालेभाज्यांची भीती वाटते. त्या ओळखता येतात का?

दिसण्यावरून अजिबात नाही. सांडपाण्यावरचा पालक उलट जास्त हिरवा आणि रुंद पानांचा असतो, कारण त्या पाण्यात नत्र भरपूर असतं. नाग नदी शहराचं सांडपाणी वाहून नेते, तेव्हा तिच्या पाण्यावर पिकलेली पालेभाजी कच्ची खाणं टाळावं हे उघड आहे. जंतू शिजवल्याने मरतात, जड धातू शिजवल्याने किंवा धुतल्याने जात नाहीत. इथे विक्रेत्याला 'माल कुठला?' विचारणं हाच उपाय. गोकुळपेठेत किंवा बुधवारी बाजारात नेहमीच्या बाईकडून घेत असाल तर ती खरं सांगते. काटोल, कळमेश्वर, सावनेरकडून स्वतःचा माल घेऊन येणारे शेतकरी ओळखीचे करून घ्या. त्यांना एकच प्रश्न विचारायचा, 'फवारा कधी मारला होता?' दोन-चार वेळा विचारलं की ते आपणहून सांगायला लागतात.

'ऑरगॅनिक' लिहिलेलं म्हणजे निश्चिंत?

पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह आणि त्यामागे एनपीओपी किंवा पीजीएस या सरकारी सेंद्रिय-प्रमाणन योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र आहे का, ते बघा. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सवलत आहे, तिथे विश्वास हाच आधार. नुसती हिरवी पाटी आणि दुप्पट भाव म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. आणि शेणखतावरची भाजीसुद्धा धुवावीच लागते.

संत्र्यावर मेण असतं का? हिरवी संत्री कच्ची असतात का?

सालीवर नख ओढा. पांढरे कण निघाले तर मेण आहे. मधमाशीचं मेण, कार्नोबा आणि शेलॅक यांचा थर कायद्याने चालतो, फक्त तसं लेबलवर लिहावं लागतं. साल सोलून फोडी खाणार असाल तर काळजीचं कारण नाही. साल वाळवून उटण्यात घालणार असाल तर बागेतली, बिनमेणाची घ्या.

अंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यातून येणारी, सुरुवातीची संत्री साल हिरवट असूनही गोड असतात. सालीला केशरी रंग यायला रात्रीची थंडी लागते, आणि ऑक्टोबरात ती इकडे नसते. म्हणून हिरव्याला नावं ठेवू नका. रंग आणायला कॅल्शियम कार्बाइड वापरणं बेकायदा आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूला ठराविक मर्यादेत परवानगी आहे.

प्लास्टिकची कोबी खरंच बाजारात येते का?

नाही. त्याचा पुरावा म्हणून फिरणारा व्हिडिओ जपानी हॉटेलांच्या काचेत मांडायचे नकली पदार्थ बनवण्याचा आहे. खऱ्या कोबीपेक्षा अशी नकली कोबी कितीतरी महाग पडते.

मे महिन्यात भाजी घरी येईपर्यंत मान टाकते. ती खराब समजायची का?

४५ अंशांत ठेल्यावर दोन तास राहिली की कुठलीही पालेभाजी मान टाकणारच. गार पाण्यात पंधरा मिनिटं देठ बुडवून ठेवा. पुन्हा उभी राहिली तर फक्त पाणी उडालं होतं. पानं चिकट झाली, देठ काळा पडला किंवा आंबूस वास आला, तर टाकून द्या. उन्हाळ्यात विक्रेते ओल्या बारदान्याने झाकतात, पाणी शिंपडतात, त्यात गैर काही नाही. फक्त ते पाणी कुठलं होतं हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून घरी पुन्हा धुवा, आणि फ्रिजमध्ये ठेवताना कोरडी करून कागदात किंवा सुती कपड्यात गुंडाळा. आलू आणि कांदे एकाच टोपलीत नकोत.

रंग निघाला. आता तक्रार कुठे करायची?

राहिलेली भाजी धुवू नका. स्वच्छ पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, बिल असेल तर जपा, कापसाचा फोटो काढा. मग महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर किंवा एफएसएसएआयच्या १८००-११२-१०० वर कळवा. घरची कापसाची तपासणी पुरावा म्हणून चालत नाही, तिने फक्त संशय येतो. अधिकृत नमुना अन्न सुरक्षा अधिकारी घेतात.

स्वतःहून तपासून घ्यायचं असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० मध्ये ग्राहकाला तशी सोय आहे. शुल्क भरून नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. तपासायला देत आहोत हे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं, आणि नमुना दोषी ठरला तर शुल्क परत मिळतं. तक्रार ठेल्यावरच्या माणसापाशी थांबवू नका. त्याने तो माल पहाटे ठोकात घेतलेला असतो. कोणत्या बाजारातून, कोणत्या अडत्याकडून घेतला ते त्याला नीट विचारा आणि तक्रारीत लिहा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या, पुढची विचारपूस त्याच क्रमांकावर होते.